छायाचित्रातला पत्ता

३ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत, राज्य पोलीस मुख्यालयातील सायबर जागृतीच्या कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या मुलीचा अनुभव सांगितला. ऑनलाइन खेळात अनोळखी खेळाडूने आधी कौतुक केले, मग गाव विचारले, मुलगा की मुलगी ते विचारले आणि शेवटी नको तसली छायाचित्रे मागितली. तिने खेळ बंद करून आईला सांगितले.

साधे छायाचित्र पाठवले तर काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. मोबाइल किमान चार उपग्रहांच्या रेडिओ संदेशांना लागलेला वेळ मोजून स्वतःची जागा काढतो. कॅमेऱ्यातील स्थाननोंद चालू असेल, तर अक्षांश-रेखांश छायाचित्राच्या फाइलमध्येच लिहिले जातात. आता गणित करा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हापुढील चौथा अंक एकाने बदलला, तर फरक पडतो जेमतेम ११ मीटरांचा. बोरिवलीतली तुमची इमारत शोधायला एवढे पुरे! काही ॲप ही नोंद पुसतात, काही तशीच पाठवतात. तेव्हा ती बंदच ठेवा. (गणवेशावरचा शाळेचा बिल्ला मात्र कोणतेच ॲप पुसत नाही.)

अशी मागणी आलीच तर उत्तर देऊ नका, पण संदेश पुसूही नका. तो पुरावा असतो. घरी किंवा शिक्षकांना दाखवा. तेही जमत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक फिरवा.