घरी बाळ येते आहे, बंदुकीचे काय?

खंडेनवमीच्या सकाळी कडेगाव, खानापूर, खटाव या भागांतील जुन्या घरांमध्ये विळ्या-कोयत्यापासून तलवारीपर्यंत सारी हत्यारे पाटावर मांडली जातात आणि त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. काही घरांत त्याच पाटावर आजोबांची बंदूकही असते. वर्षातून एकदा ती खाली उतरते, पुसली जाते आणि पूजा झाली की पुन्हा आपल्या जागी जाते. एरवी तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही.

अशाच घरातील मुलगा आणि सून पुण्या-मुंबईत नोकरी करीत असतात. ते मूल दत्तक घेण्याचे ठरवतात, नावनोंदणी करतात, कागदपत्रे जमवतात. आणि मग एके दिवशी प्रश्न उभा राहतो : घर पाहण्यासाठी संस्थेकडून कोणी येईल, तेव्हा बंदुकीविषयी सांगायचे की नाही? सांगितले तर मूल मिळणार नाही अशी धास्ती वाटते, आणि न सांगावे तर मन खाते. या प्रश्नाचे उत्तर कायद्यात थोडे आहे. उरलेले आपल्यालाच शोधावे लागते.

बंदूक घरात येते कशी?

या भागात परवान्याची बंदूक ही केवळ हौसेची वस्तू नाही. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव कडेगाव तालुक्यात आहे आणि त्याला लागूनच सागरेश्वर अभयारण्य आहे. अशा डोंगरालगतच्या शेतांत हरणे आणि रानडुकरे यांचा उपद्रव नवा नाही. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र अधिनियमात आहे. (अर्थात, हा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहेच.) दुसरे कारण सैनिकी परंपरेचे. सातारा-सांगलीकडील अनेक जवान निवृत्तीनंतर सुरक्षारक्षकाची नोकरी करतात आणि त्यासाठी बारा बोअरची बंदूक बाळगतात. तिसरे कारण गलाई व्यवसायाचे. सोने-चांदी गाळण्याच्या या धंद्यासाठी खानापूर, आटपाडी, कडेगावकडील माणसे देशभर पसरली आहेत. जोखीम बाळगणाऱ्या माणसाने संरक्षणासाठी परवाना मागावा, हे समजण्यासारखे आहे.

म्हणजे बंदूक बाळगणारा माणूस बेजबाबदार असतो असे मुळीच नाही. बहुधा तो कागदपत्रांच्या बाबतीत काटेकोरच असतो. अडचण येते ती अन्यत्र.

दोन संचिका, एकच घर

शस्त्र परवाना देताना सरकार अर्जदाराला पाहते. त्याचे पूर्वचरित्र, त्याला शस्त्राची गरज का आहे, पोलिसांचा अहवाल यांचा विचार होतो. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार शस्त्राचा सुरक्षित वापर आणि साठवण यांविषयी हमीही द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात (पूर्वी ही मर्यादा तीन होती) आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. मात्र या पाच वर्षांत घरात एक मूल आले, याची नोंद परवान्यावर कोठेही होत नाही.

दत्तक प्रक्रियेत उलट पालकांना आणि घराला पाहिले जाते. बाल न्याय अधिनियम २०१५ आणि त्याखालील २०२२ चे दत्तक विनियम यांनुसार इच्छुक पालकांना केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजेच 'कारा'च्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. त्यानंतर सामाजिक कार्यकर्ते घरी येऊन गृह अध्ययन अहवाल तयार करतात. कुटुंबाची पार्श्वभूमी, आर्थिक स्थिती, आरोग्य, दत्तक घेण्यामागील भावना, घरातील इतरांचे मत अशा गोष्टी त्यात येतात. हा अहवाल तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. पालक शारीरिक, मानसिक, भावनिक आणि आर्थिकदृष्ट्या सक्षम असावेत, त्यांना जीवघेणा आजार नसावा, ते कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेले नसावेत आणि बालहक्कभंगाच्या प्रकरणात आरोपी नसावेत, अशा पात्रतेच्या अटी आहेत. परवान्याची बंदूक असणे ही अपात्रता म्हणून या अटींत सांगितलेली नाही. 'बंदूक आहे म्हणून मूल मिळणार नाही' ही धास्ती त्यामुळे निराधार आहे.

सांगलीसारख्या, पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यात शस्त्र परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तक आदेशाचा अधिकारही न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे सोपवण्यात आला आणि ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. (या तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने प्रकरणांच्या हस्तांतरणास अंतरिम स्थगिती दिली. आपल्या प्रकरणात आदेश कोठून निघेल, हे संस्थेकडून विचारून घ्यावे.) पदनाम एकच असले तरी संचिका मात्र दोन आहेत. एकीत बंदूक आहे, मूल नाही; दुसरीत मूल आहे, बंदूक असेलच असे नाही. या दोन संचिका एकमेकींना भेटतात त्या फक्त आपल्या घरात.

घरभेट पुण्यात, सुट्टी कडेगावात

शहरातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरभेट होते ती पुण्यातील किंवा ठाण्यातील सदनिकेत. मूल मात्र मे महिन्यात आणि दिवाळीत जाते ते गावच्या घरी. मोहरममध्ये कडेगावचे गगनचुंबी ताबूत पाहायला पाहुणे जमतात, तेव्हा घरात चुलत-आते-मामे भावंडांची झुंबड असते. मोठी माणसे रस्त्यावर आणि मुले माळ्यावर, असे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी अनुभवले आहे. बंदूक असते ती याच घरात, आणि हे घर कोणत्याही अहवालात नसते.

परवाना वडिलांच्या नावे असेल तर जबाबदारी त्यांची, पण बोलणी आपल्यालाच करावी लागतील. परवाना आपल्या नावे असून बंदूक गावी ठेवली असेल, तर प्रश्न अधिक गंभीर आहे. परवाना हा व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. ज्याच्या नावे परवाना नाही, त्याच्या ताब्यात शस्त्र ठेवून आपण शहरात राहणे कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे आहे. परवानाधारकाच्या निधनानंतरही बंदूक आपोआप वारसाची होत नाही. वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागावा लागतो. तोवर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. आजोबांची म्हणून माळ्यावर राहिलेली बंदूक अनेकदा याच कारणाने बेकायदा ठरते.

नात्यातील दत्तक

'दत्तक' हा शब्द या परिसराला इतिहासातूनही परिचित आहे. १८४८ मध्ये सातारचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी अखेरच्या क्षणी घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला आणि राज्य खालसा केले. त्या काळी दत्तक घेतला जाई तो घराण्यासाठी, गादीसाठी. आजचा बाल न्याय कायदा मुलाचे हित आधी पाहतो. तथापि, भावाचे वा बहिणीचे मूल हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम १९५६ प्रमाणे दत्तकविधान करून घेण्याची पद्धत आजही आहे. नोंदणीकृत दत्तकपत्र होते, मूल एका घरातून दुसऱ्या घरात जाते. या मार्गात गृह अध्ययन अहवाल नसतो. 'मूल घरचेच आहे' म्हणून कोणी कपाटे उघडून पाहत नाही. अशा वेळी पाहणाऱ्याची नजर पालकांनीच स्वतःला उसनी द्यावयास हवी.

'आमच्या मुलाला ठाऊकच नाही'

बंदूक बाळगणाऱ्या बहुतेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "ती कुठे ठेवली आहे, ते मुलांना माहीतच नाही." २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ग्रामीण अलाबामातील पालक आणि मुले यांना हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारण्यात आला. मुलाला जागा ठाऊक नाही असे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांच्या मुलांनी ती ठाऊक असल्याचे सांगितले. २००१ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ८ ते १२ वयोगटातील मुलग्यांचे २९ गट एका खोलीत खेळायला सोडले होते आणि खणात खरे, पण निकामी केलेले पिस्तूल ठेवले होते. २१ गटांना ते सापडले, १६ गटांनी ते हाताळले आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. हाताळणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना शस्त्रांविषयी आधी समज दिलेली होती. केवळ समज देणे पुरेसे नसते, हाच त्याचा अर्थ.

दत्तक आलेल्या, विशेषतः थोड्या मोठ्या मुलाच्या बाबतीत हे अधिक लक्षात ठेवावे लागते. संस्थेत वाढलेले मूल नव्या घरात येते तेव्हा ते घर त्याला समजून घ्यायचे असते. ते खण उघडते, माळ्यावर चढते, पलंगाखाली पाहते. यात वाईट काही नाही. आपण येथे राहणार आहोत याची ते खात्री करून घेत असते. त्याच्या आधीच्या आयुष्यात काय घडले, हे आपल्याला पूर्ण ठाऊक नसते. एखाद्याला बंदुकीचे आकर्षण वाटेल, एखाद्याला ती पाहून भीती वाटेल. सख्ख्या मुलाबाबत आपण त्याच्या स्वभावाचा अंदाज बांधू शकतो. नव्या मुलाबाबत तो अंदाज यायला काही काळ जावा लागतो.

काय करावे?

पहिला प्रश्न गरजेचा. शेती बंद झाली, नोकरी संपली, दुकान विकले. तरीही बंदूक का आहे? गरज उरली नसेल तर ती परवानाधारक विक्रेत्याला विकता येते किंवा जमा करता येते. निवडणुकीच्या काळात पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करण्याची सवय परवानाधारकांना असतेच. मूल घरी येण्याच्या पहिल्या काही महिन्यांसाठी तरी सुरक्षित ताब्यात शस्त्र देण्याविषयी पोलीस ठाण्यात विचारणा करावी.

बंदूक ठेवायचीच असेल, तर ती रिकामी असावी, भिंतीत बसवलेल्या कुलूपबंद लोखंडी कपाटात असावी आणि काडतुसे दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात असावीत. किल्ली फक्त परवानाधारकाजवळ राहावी. देव्हाऱ्याचा कोनाडा, उशीखालची जागा, पिठाचा डबा या जागा मुलांना आधी सापडतात. ठासणीच्या बंदुकीबाबत विशेष दक्षता हवी. ती ठासून ठेवलेली असली तरी बाहेरून रिकामीच दिसते. जुनी बंदूक ही भरलेली आहे असेच समजून परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी. दारू, छर्रे आणि केप वेगळे ठेवावेत.

खंडेनवमीला पूजा जरूर करावी. परंतु पाटावर ठेवण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री परवानाधारकाने स्वतः करावी आणि पूजा झाल्याबरोबर ती कुलपात जावी. मुलाच्या स्वागताच्या आनंदात कोणी हवेत बार काढू नये. इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा आनंदाच्या गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

मूल कुमारवयात आले की कुलपाचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. त्या वयात मन क्षणात कोसळते आणि क्षणात सावरते. त्या मधल्या क्षणी हाताशी शस्त्र नसणे, हेच संरक्षण असते. हे सर्वच मुलांना लागू आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना घरात बंदूक नसणे हेच सर्वांत सुरक्षित मानते. असेलच तर ती रिकामी, कुलूपबंद आणि काडतुसे वेगळ्या कुलपात, असे सांगते. तेथील अनेक राज्यांत मूल सांभाळण्यासाठी घर मंजूर करताना हीच अट असते.

सांगावे, विचारण्याची वाट पाहू नये

घरभेटीला आलेल्या कार्यकर्तीने विचारले नाही, तरी पालकांनी स्वतःहून सांगावे. परवाना दाखवावा, कपाट दाखवावे, गावच्या घरी काय व्यवस्था केली आहे तेही सांगावे. या माहितीने अहवाल बिघडत नाही. आपण मुलाच्या दृष्टीने घराकडे पाहिले आहे, हेच त्यातून दिसते. लपवलेली गोष्ट मात्र दत्तकानंतरच्या दोन वर्षांच्या पाठपुराव्यात, सहामाही भेटींपैकी एखादीत, बहुधा मुलाच्याच तोंडून बाहेर येते.

लहान बाळासाठी आज तीन वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागते. त्या काळात पालक पाळणा निवडतात, भिंतीला रंग देतात, नाव ठरवतात. त्याच यादीत गावच्या माळ्याचेही नाव घालावे. मूल पहिल्यांदा कडेगावच्या घरी जाईल, आजीचा हात सोडून जिना चढेल आणि वरून हाक मारील, "आजी, इथे काय आहे?" त्या वेळी आजीला खालूनच निर्धास्तपणे सांगता यावे, "काही नाही रे, पाहा तुला काय पाहिजे ते."