लगद्याच्या वस्तू गुळगुळीत कशा होतील?

फुग्यावर कागदाचा लगदा थापून केलेला पृथ्वीगोल ओला असताना सारखा दिसतो. वाळला की खडबडीत होतो. असे का होते?

कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू. ते पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात. लगदा कुठे जाड, कुठे पातळ असला तर आकसणेही कमीजास्त होते. शिवाय पाणी उडून गेलेल्या जागी पोकळ्या उरतात. रंगाचा थर अतिशय पातळ असल्याने त्या बुजत नाहीत, उलट उठून दिसतात.

यासाठी गोल आधी पूर्ण वाळू द्यावा. मग वस्त्रगाळ खडूची भुकटी फेविकॉलच्या पाण्यात कालवून ब्रशने पातळ थर द्यावा. भुकटीचे कण तंतूंमधील फटींत बसतात, फेविकॉल त्यांना धरून ठेवते. वाळल्यावर नाकाला रुमाल बांधून बारीक पॉलिश पेपरने घासावे. असे दोन-तीन थर पुरतात. काश्मीरचे कारागीरही रंगकामापूर्वी असाच थर देऊन घासतात.

एकच जाड थर दिला तर? पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर जाड व पातळ थर देऊन विद्यार्थ्यांना तडे शोधू द्या. आकसण्याचा धडा त्यांना तिथेच मिळेल.