मिररलेस कॅमेऱ्याची जादा बॅटरी: स्वस्त चालेल, पण डुप्लिकेट नको

ईद झाली की निकाहांची गर्दी सुरू होते. मदनपुरा, नागपाडा, डोंगरीपासून परळ-लालबागपर्यंत आपली कितीतरी मुलं आज फोटो आणि व्हिडिओच्या कामावर घर चालवतात. आमच्या वर्गातून शिकून गेलेले काही जणही याच धंद्यात आहेत. त्यांच्याकडून आणि त्यांच्या पालकांकडून एक प्रश्न नेहमी येतो: मिररलेस कॅमेऱ्याला कंपनीचीच बॅटरी घ्यावी, की बाजारात निम्म्या किमतीत मिळणारी चालते?

थोडक्यात उत्तर असं, की दुसऱ्या कंपनीची चांगली बॅटरी जादा म्हणून ठेवायला हरकत नाही. मात्र कंपनीच्या नावाचं खोटं लेबल लावलेली डुप्लिकेट बॅटरी फुकट मिळाली तरी घेऊ नये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बरेच लोक इथेच फसतात.

जादा बॅटरी लागतेच का?

जुन्या डीएसएलआर कॅमेऱ्यात आरशातून थेट समोरचं दिसतं, त्यामुळे बघताना वीज जवळजवळ लागत नाही. मिररलेसमध्ये आरसा नाही. सेन्सर आणि स्क्रीन सतत चालू राहतात. फोटो काढा किंवा नुसते बघत उभे राहा, बॅटरी उतरतच असते.

ठरलेल्या चाचणी पद्धतीनुसार निकॉनचा डी७५० हा डीएसएलआर एका चार्जवर १,२३० फोटो देतो. सोनीचा ए६४०० हा मिररलेस स्क्रीन वापरून सुमारे ४१० फोटो देतो. व्हिडिओ घेतला तर बॅटरी आणखी लवकर संपते. निकाह, मग वलीमा, मग पाहुण्यांचे फोटो. खिलाफत हाऊसपासून निघणारा ईद-ए-मिलादचा जुलूस. किंवा लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत रात्रभर चालणारी विसर्जनाची मिरवणूक. अशा कामाला एका बॅटरीवर कोणी जात नाही. तीन-चार लागतात, आणि सगळ्या कंपनीच्या घ्यायच्या तर नव्या मुलाच्या खिशाला झेपत नाही.

बाजारात तीन प्रकार

फोर्टच्या बोरा बाजारात, ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दादरच्या दुकानांत विचारा, तीन प्रकारचा माल असतो.

पहिला ओरिजिनल. कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचा, बिल आणि वॉरंटीसह.

दुसरा कम्पॅटिबल. म्हणजे दुसऱ्या कंपनीने त्याच मापाची बनवलेली, पण स्वतःच्या नावाने विकलेली बॅटरी. डिजिटेक, न्यूवेल, स्मॉलरिग अशी नावं यात येतात. इथे लपवाछपवी नाही. ‘आम्ही अमुक, आमची बॅटरी तमुक कॅमेऱ्याला बसते,’ असं डब्यावर लिहिलेलं असतं.

तिसरा डुप्लिकेट. आत कोणाचे सेल आहेत ते कोणालाच ठाऊक नाही आणि बाहेर सोनी, कॅनन किंवा निकॉनचं लेबल. भाव ओरिजिनलपेक्षा फार कमी. दुकानदार ‘कंपनीचाच माल आहे, फक्त बिल नाही’ म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

आत काय असतं?

अशा बऱ्याच बॅटऱ्यांत दोन लिथियम सेल एकामागे एक जोडलेले असतात, सोबत एक छोटी सर्किट प्लेट. पूर्ण चार्ज झाला की सेल ४.२ व्होल्टवर थांबायला हवा. त्याच्या पुढे भरत राहिला तर गरम होतो, फुगतो, पेटूही शकतो. तिथे थांबवण्याचं काम चार्जर करतो, आणि चार्जर चुकला तर ही प्लेट. खर्च वाचवायचा तर डुप्लिकेट बनवणारा आधी इथेच हात आखडता घेतो.

याच प्लेटमधली चिप कॅमेऱ्याला किती टक्के उरलं ते सांगते. कम्पॅटिबल बॅटरीत हा हिशोब कधी कधी चुकतो. ४० टक्के दिसतात आणि कॅमेरा बंद पडतो. काही कॅमेरे ‘ही बॅटरी ओळखता येत नाही’ असा इशारा देतात, काही ती यूएसबीने चार्ज करत नाहीत. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर आधी चालणारी बॅटरी नाकारली जाऊ शकते. म्हणून कामाच्या आदल्या रात्री अपडेट करू नये.

आकडे नीट वाचा

लेबलवर एमएएच आणि व्होल्ट असे दोन आकडे असतात. दोन्हींचा गुणाकार करून १,००० ने भागलं की वॉट-तास मिळतात. खरी साठवण ती. सोनीच्या एनपी-एफझेड१०० वर २,२८० एमएएच आणि ७.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे १६.४ वॉट-तास. म्हणून मोबाईलची ५,००० एमएएच बॅटरी याच्या दुप्पट ठरत नाही. तिचे व्होल्ट जवळपास निम्मे असतात. सातवीतल्या मुलालाही जमेल असा हा हिशोब आहे.

आता त्याच मापाच्या स्वस्त बॅटरीवर ३,००० किंवा जास्त एमएएच छापलेलं दिसलं, तर शंका घ्या. तेवढ्याच डब्यात, निम्म्या किमतीत, मूळ कंपनीपेक्षा इतकी जास्त वीज कशी मावेल?

दुकानात काय बघायचं?

भारतात अशा लिथियम बॅटऱ्यांना बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आयएस १६०४६ आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. मोबाईलमध्ये ‘बीआयएस केअर’ ॲप घ्या, तो क्रमांक टाका आणि उत्पादकाचं नाव जुळतं का ते दुकानातच तपासा.

पक्कं बिल आणि बदलून देण्याची मुदत लिहून घ्या. बॅटरी कॅमेऱ्यात घालून बघा. ती सहज आत गेली आणि सहज बाहेर आली पाहिजे. एक गोष्ट आधीच समजून घ्या: दुसऱ्याच्या बॅटरीमुळे झालेलं नुकसान कॅमेऱ्याच्या वॉरंटीत बसत नाही, असं कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. ओरिजिनलही कधी सदोष निघतो. २०१२ मध्ये निकॉनने आपल्या ईएन-ईएल१५ बॅटरीचे काही लॉट परत मागवले होते. पण बिल आणि लॉट क्रमांक हातात असला तर बदलून मागता येते. डुप्लिकेटवाल्याने कोणाकडे जायचं?

घरी एक चाचणी

ओरिजिनल आणि नवी, दोन्ही पूर्ण चार्ज करा. एकाच सेटिंगवर, एकाच खोलीत व्हिडिओ चालू ठेवा आणि किती मिनिटं चालली ते वहीत लिहा. समजा ओरिजिनल १०० मिनिटं चालली आणि नवी ८५, तर ठीक आहे. ५० वरच थांबली तर मुदतीत परत करा. बॅटरी हाताला चटका बसेल इतकी गरम झाली तर त्याच दिवशी परत करा.

प्रत्येक बॅटरीवर मार्करने क्रमांक आणि खरेदीची तारीख घाला. कामाच्या दिवशी कबूल-कबूलच्या वेळी ओरिजिनलच कॅमेऱ्यात हवी. तो क्षण कोणी परत घडवून देणार नाही. स्टेज, जेवण, सजावट यांच्यासाठी कम्पॅटिबल वापरा. ती ३० टक्क्यांवर आली की बदला, शून्याची वाट बघू नका.

घर लहान, काळजी मोठी

आपल्याकडे दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसं झोपतात. तिथे गादीवर, उशीजवळ चार्जर लावून झोपणं धोक्याचं. लादीवर, पडद्यापासून आणि कपड्यांपासून दूर, घरात कोणी जागं असतानाच चार्ज करा. सुटी बॅटरी किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात टाकू नका, टोकं जुळून शॉर्ट होतं. महिनाभर वापरायची नसेल तर साधारण अर्धी भरलेली ठेवा.

बॅटरी फुगली तर ती संपली असं समजा. दाबू नका, टोचू नका, चार्जही करू नका. घरच्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या. धूर दिसला तर मेन स्विच बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा.

उमराहला किंवा बाहेरगावी विमानाने जाताना सुट्या बॅटऱ्या सामानात देता येत नाहीत. त्या हातातल्या बॅगेत, टोकांवर टोपी किंवा चिकटपट्टी लावून न्यायच्या. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना साधारणपणे वेगळी परवानगी लागत नाही, आणि आपली १६ च्या आसपास असते.

मुलगा नवा कॅमेरा घेत असेल तर त्याच्याबरोबर एक ओरिजिनल बॅटरी असतेच. तिच्या जोडीला नाव, नोंदणी आणि बिल असलेल्या दोन कम्पॅटिबल घेतल्या तर सुरुवातीच्या कामाला पुरतात. चार पैसे हातात आले की दुसरी ओरिजिनल घ्यावी. डुप्लिकेटमध्ये वाचलेले हजार-दीड हजार रुपये एका बंद पडलेल्या कॅमेऱ्यात जातात, आणि पुढच्या निकाहचं कामही जातं.