शस्त्रक्रियेनंतर रक्ताचा आकडा किती येईल?



गर्भपिशवी काढण्याची शस्त्रक्रिया झाली, की एक-दोन दिवसांनी रक्त तपासतात. चिठ्ठीवरचा आकडा आधीपेक्षा कमी दिसला, की घरची माणसे हबकतात. "ऑपरेशनने बाईचं रक्त आटलं," असे गावभर होते. खरे तर हा आकडा साधारण किती येणार, याचा अंदाज आधीच बांधता येतो.

हिशेब सोपा आहे

रक्ताचा कस हिमोग्लोबिनवर ठरतो. गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन निदान १२ ग्रॅम हवे. ५० किलो वजनाच्या बाईच्या अंगात सुमारे सव्वातीन लिटर रक्त असते. समजा, तिचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅम आहे आणि शस्त्रक्रियेत ३५० मिलिलिटर रक्त गेले. हा झाला साधारण दहावा हिस्सा. म्हणजे आकडा १० च्या आसपास येणार. सलाईनने रक्त पातळ होते, म्हणून तो आणखी थोडा खाली दिसेल. यात भिण्याजोगे काही नाही.

पण बाई ४० किलोची आणि हिमोग्लोबिन ८ ग्रॅमच असेल, तर तेवढेच रक्त गेल्यावर आकडा ७ च्या खाली येतो. धोका आहे तो इथे!

स्त्री नसबंदीत रक्त अगदी थोडे जाते. तरीसुद्धा किमान ७ ग्रॅम असल्याशिवाय ती करीत नाहीत. पत्नीचे रक्त कमी असेल, तर पतीने पुढे व्हावे. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी सोपी असते. मात्र नंतर तीन महिने दुसरे साधन वापरावे आणि वीर्य तपासून घ्यावे.

केव्हा धावपळ करावी?

चक्कर, जलद नाडी, पोट फुगणे, अंगावरून फार रक्त जाणे, यांपैकी काहीही दिसले तर तडक डॉक्टरांना सांगा. आत रक्तस्राव होत असला तरी पहिले काही तास आकडा चांगलाच दिसू शकतो. म्हणून नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका.

तयारी आधीपासून करा

घाईची शस्त्रक्रिया नसेल, तर महिना-दोन महिने आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या रोज घेतल्या, तर महिन्याभरात साधारण १ ते २ ग्रॅम वाढ होते. शौचाला काळे होते, त्याची भीती नको. गोळीबरोबर चहा नको, लिंबू चालेल. माण-खटाव असो की जत-आटपाडी, घरची बाजरीची भाकरी, मेथी, हुलगे, हळीव हे सारे रक्ताला चांगले. बाईने सगळ्यांच्या मागून उरलेसुरले खायचे, ही रीत मात्र सोडा.

मोठी अडचण असल्यास साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय ही शासकीय रुग्णालये आहेतच.

आधी रक्त तपासा, मग तारीख ठरवा!