व्यक्ति तितक्या प्रकृति : भांगेच्या मात्रेचा विचार

शिवरात्रीच्या किंवा होळीच्या दिवशीं एकाच पातेल्यांतील भांगेची थंडाई चार जणांनीं सारखी वाटून घ्यावी, आणि परिणाम मात्र चार तऱ्हेचे व्हावेत, हा अनुभव जुनाच आहे. एक जण हसत सुटतो; दुसरा गाढ निजतो; तिसऱ्याला कांहींच होत नाहीं; आणि चौथ्याच्या छातींत धडधड सुरू होऊन, आपण आतां वांचत नाहीं, अशा भयानें तो घाबरा होतो. घरचीं माणसें याचें कारण मनाच्या खंबीरपणांत किंवा दुबळेपणांत शोधतात. परंतु शास्त्राच्या दृष्टीनें पाहतां बहुतेक कारणें मनांत नसून शरीरांत आहेत, आणि तीं समजून घेतलीं तर चौथ्या मनुष्यावर आलेला प्रसंग पुष्कळ अंशीं टाळतां येतो.

या प्रश्नाकडे वैद्यकशास्त्राचें लक्ष प्रथम वेधलें तें आपल्याच देशांत. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील अध्यापक डॉ. विल्यम ओ'शॉनेसी यांनीं 1838 च्या नोव्हेंबरांत संधिवाताच्या तीन रोग्यांना गांजाच्या राळेची एकेक ग्रेन मात्रा एकाच वेळीं दिली. दोन तासांनीं त्यांपैकीं एक जण बडबडूं लागला, गाऊं लागला, जास्त जेवण मागूं लागला. पुढें तो झोंपला, आणि रात्रीं त्याचे अवयव ज्या स्थितींत ठेवावे त्याच स्थितींत राहूं लागले. कांहीं तासांनीं तो पूर्ण शुद्धीवर आला. तिसऱ्या रोग्यावर मात्र कांहींच परिणाम दिसला नाहीं. चौकशी करतां कळलें कीं, त्याला चिलमींतून गांजा ओढण्याची संवय होती. मात्रा एक, दिवस एक, रोगहि एक. परंतु फळ निराळें. साऱ्या प्रश्नाचें बीज या एका प्रसंगांत आहे.

गांजांतील मादक द्रव्य कोणतें, हें कळावयास त्यानंतर सव्वाशें वर्षें लागलीं. 1964 सालीं इस्रायलमध्यें राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी या रसायनशास्त्रज्ञांनीं तें शुद्ध स्वरूपांत वेगळें करून त्याची रचना ठरविली. त्याच्या लांबलचक नांवाचा संक्षेप म्हणजे टीएचसी. पुढें 1988 सालीं मेंदूंतील पेशींवर या द्रव्याला धरून ठेवणारीं ग्राहककेंद्रें असल्याचें अमेरिकेंत सिद्ध झालें. निसर्गानें हीं केंद्रें गांजासाठीं निर्माण केलीं नसणार हें उघड आहे. तेव्हां शरीरच तत्सम एखादें द्रव्य तयार करीत असलें पाहिजे. तें 1992 सालीं सांपडलें, आणि संशोधकांनीं आपल्या 'आनंद' या संस्कृत शब्दावरून त्याचें नांव आनंदामाइड असें ठेवलें. भूक, झोंप, स्मरण, वेदना आणि भय यांचें नियमन करण्यांत या यंत्रणेचा वांटा असतो. म्हणून बाहेरून आलेलें टीएचसी या सर्वांना एकाच वेळीं हात घालतें.

आतां भेद कां पडतो तें पाहूं. पहिलें कारण म्हणजे तें द्रव्य शरीरांत शिरण्याचा मार्ग. धुराबरोबर फुप्फुसांत गेलेलें टीएचसी कांहीं मिनिटांतच मेंदूला पोंचतें, आणि त्याचा अंमल दोनतीन तासांत बराच ओसरतो. पोटांत गेलेल्याची गति निराळी. त्याला आतड्यांतून आधीं यकृतांत जावें लागतें. तेथें त्याचा बराच भाग नाश पावतो. पण कांहीं भागाचें अशा दुसऱ्या द्रव्यांत रूपांतर होतें कीं, जें मूळ द्रव्याइतकेंच, किंबहुना अधिक, मादक असतें. म्हणून खाल्लेल्या भांगेचा अंमल अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हांहि सुरू होतो, दोन ते चार तासांनीं शिगेला पोंचतो, आणि सहा-आठ तास किंवा त्याहूनहि अधिक टिकतो. पोटांत तूप, दूध, मिठाई असे स्निग्ध पदार्थ असले तर अंमल उशिरां येतो, परंतु अधिक द्रव्य रक्तांत शिरतें. तासभर कांहीं न झाल्यामुळें दुसरा पेला घेणारा मनुष्य फसतो तो येथेंच. दुसरा पेला रिचवून होतो, आणि मग पहिला आपला प्रताप दाखवूं लागतो.

दुसरें कारण जन्मजात आहे. यकृतांत टीएचसीची विल्हेवाट लावणारें एक विकर कांहीं माणसांत वंशपरंपरेनें मंद असतें. आईबाप या दोघांकडूनहि मंद प्रकार आलेल्या मनुष्याच्या रक्तांत तितक्याच मात्रेनें सुमारें तिप्पट टीएचसी आढळल्याचें 2009 सालच्या एका प्रयोगांत दिसून आलें. बाहेरून पाहून हा भेद ओळखतां येत नाहीं. धिप्पाड पैलवानाचें विकर मंद असूं शकतें, आणि किडकिडीत कारकुनाचें तल्लख. बुरशीच्या रोगावरील कांहीं औषधेंहि याच विकरांना अडवितात, तेव्हां तीं चालू असतां नेहमींची मात्राहि भारी पडूं शकते.

तिसरें कारण संवयीचें. रोज सेवन करणाऱ्याच्या मेंदूंतील ग्राहककेंद्रें कमी होत जातात. सेवन सोडल्यावर सुमारें चार आठवड्यांत तीं पूर्ववत् होतात. कलकत्त्याच्या त्या तिसऱ्या रोग्याचें रहस्य यांत आहे. यावरूनच एक धोका ध्यानीं येतो : कांहीं महिन्यांच्या खंडानंतर जुन्याच मात्रेवर परत जाणारा मनुष्य नवख्याइतकाच कच्चा असतो.

चौथी गोष्ट अशी कीं, या द्रव्याचा परिणाम मात्रेच्या प्रमाणांत सरळ वाढत नाहीं. कांहीं बाबतींत तो उलटतो. शिकागो येथील विश्वविद्यालयाच्या संशोधकांनीं 2017 सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं निरोगी माणसांना साडेसात मिलिग्रॅम, कांहींना साडेबारा मिलिग्रॅम टीएचसी, तर कांहींना नुसतीच पोकळ गोळी देऊन अनोळखी परीक्षकांपुढें बोलावयास उभें केलें. साडेसात मिलिग्रॅम घेणारांचा ताण हलका झाला. साडेबारा घेणारांची मनःस्थिति उलट बिघडली. अवघ्या पांच मिलिग्रॅमच्या अंतरांत औषधाचें अनौषध झालें. 'अति तेथें माती' ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते, आणि हें 'अति' प्रत्येकाचें निरनिराळें असतें.

मग योग्य मात्रा ठरवावी कशी? याचें उत्तर लंडनचे डॉ. रसेल रेनोल्ड्स यांनीं 1890 सालींच 'लान्सेट' या वैद्यकीय पत्रांत दिलेलें आहे. रोग्याला अत्यल्प मात्रेनें सुरुवात करावी, दोन मात्रांमध्यें चार ते सहा तासांचें अंतर ठेवावें, आणि तीनचार दिवसांनीं एकेक थेंबच वाढवीत जावें. गुण आला कीं तेथेंच थांबावें, न आल्यास औषध सोडावें, असें त्यांचें सांगणें होतें. आजची पद्धत याहून फारशी वेगळी नाहीं. कृत्रिम रीतीनें बनविलेलें टीएचसी ड्रोनॅबिनॉल या नांवानें 1985 सालीं अमेरिकेंत कर्करोगाच्या उपचारांतील उलट्यांवर मान्य झालें. भूक वाढविण्यासाठीं तें देतांना डॉक्टर अडीच मिलिग्रॅमपासून आरंभ करतात. सारांश, योग्य मात्रा म्हणजे जास्तींत जास्त सोसवेल ती नव्हे, तर कमींत कमी जिनें काम भागेल ती.

परंतु ही रीत चालवावयाची तर हातांतील वस्तूंत किती टीएचसी आहे हें ठाऊक असलें पाहिजे. भांगेच्या गोळ्याचें बळ झाडाच्या जातीवर, पानांबरोबर फुलोरा किती आला यावर, आणि वाटणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतें. पेला मोजतां येतो, पण पेल्यांतील द्रव्य मोजतां येत नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील अर्कांचेंहि हेंच दुखणें होतें. आपल्या 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानें गांजा व चरस वर्ज्य केले आहेत; फुलोऱ्याविरहित पानें त्या व्याख्येंत येत नाहींत, आणि त्यांविषयीं राज्याराज्यांचे नियम निरनिराळे आहेत. तथापि कायद्यानें सूट मिळाली म्हणून शरीर सूट देतें, असें नाहीं.

कांहीं माणसांच्या बाबतींत योग्य मात्रा शून्य हीच होय. वाढत्या वयाचीं मुलें, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता, हृदयविकाराचे रोगी, आणि ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या कुटुंबांत कोणाला चित्तभ्रमाचा विकार झाला आहे, त्यांनीं या वाटेस जाऊं नये. ज्याला चढली असेल त्यानें वाहन चालवूं नये, आणि दारूची जोड तर कोणींच देऊं नये. कोणी घाबरा झालाच तर त्याची थट्टा न करतां त्याला शांत खोलींत बसवावें, सोबत द्यावी, आणि हा अंमल उतरणारा आहे असें पुनःपुन्हां सांगावें. मात्र छातींत कळा, फिट किंवा बेशुद्धि दिसल्यास, अथवा लहान मुलानें चुकून भांगेची मिठाई खाल्ल्यास, वाट न पाहतां रुग्णालय गांठावें. आणि काय पोटांत गेलें आहे, हें लाजेस्तव न लपवितां डॉक्टरांना स्पष्ट सांगावें.

शेजाऱ्याला जें पचलें तें आपल्याला पचेलच, या समजुतीइतका घातक सल्लागार दुसरा नाहीं. सणाच्या दिवशीं आग्रह करणारानें हें विशेष ध्यानीं ठेवावें. कारण त्याला पाहुण्याचें हास्य तेवढें दिसतें, पाहुण्याचें यकृत दिसत नाहीं.