कपाटातला प्रबंध सर्वांच्या हाती

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 1958ची. तेव्हापासून इथे लिहिलेले पीएच.डी.चे प्रबंध जाड पुठ्ठ्यात बांधून ग्रंथालयाच्या कपाटात गेले. हिंगोलीच्या अभ्यासकाला एखादा वाचायचा, तर एसटीने छत्रपती संभाजीनगर गाठण्यावाचून गत्यंतर नसे.

2009मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाची डिजिटल प्रत देण्याचा नियम केला. या प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात जमा होतात. मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंधही तिथे मोफत वाचता येतात. प्रत्येकाला 10603ने सुरू होणारा कायमचा क्रमांक असतो; संदर्भ देताना तोच द्यावा, म्हणजे दुवा तुटत नाही. प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या पीडीएफमध्ये असतो. आधी संदर्भसूची उघडा; पुढची निम्मी वाट तिथेच सापडते.

मराठी विषय मात्र देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत शोधावा लागतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला किंवा नुसता स्कॅन केलेला मजकूर आपल्याला स्वच्छ दिसतो, पण शोधयंत्राला त्यातले एक अक्षरही कळत नाही. वर्षानुवर्षांची मेहनत खुली असूनही अशी दडून राहते, याचे फार वाईट वाटते.

प्राध्यापकांचे लेखही खुले होऊ शकतात. लेखाची स्वीकृत प्रत संस्थेच्या भांडारात ठेवायला अनेक प्रकाशक परवानगी देतात, कधी ठरावीक मुदतीनंतर. अटी तेवढ्या तपासाव्यात. आणि मार्गदर्शकांना कळकळीची विनंती: मराठी प्रबंध युनिकोडमध्येच टंकलिखित करून घ्या.