पाव तासाचं सोंग

खळ दुसऱ्या दिवशी आंबते. मैदा, पाणी आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. सिनेमाची पोस्टरं चिकटवणाऱ्या पोरांच्या बादलीतून येणारा तो वास मुंबईत रात्री उशिरा घरी परतणाऱ्या कुणालाही ओळखता येईल. जव्हारहून दाभोसा धबधब्याकडे जाणारा रस्ता सोडून आत एका पाड्यावर गेले, कुडाच्या घरात वाकून शिरले आणि तोच वास आला. इथे त्या खळीत जुनी वर्तमानपत्रं भिजत होती आणि त्यांच्या लगद्यातून महिषासुराचं मोडलेलं शिंग पुन्हा उभं राहत होतं.

मी तिथे गेले ते एका वाक्यामुळे. चित्रपटांच्या प्रसिद्धीचं काम करणारी एक ओळखीची मुलगी थकून म्हणाली होती, "गोष्ट नवी असली ना, की लोक वाटच पाहत नाहीत. त्यांना आधीपासून काहीतरी माहीत असावं लागतं." कोट्यवधी रुपये घातलेला चित्रपट, गोष्ट कुठल्या पुस्तकावरची नाही, आधीच्या कुठल्या चित्रपटाचा पुढचा भागही नाही. त्याच्यासाठी पहिली झलक, दुसरी झलक, गाणं, ट्रेलर, त्या ट्रेलरचा समारंभ असं सगळं करून झालं होतं. तिचं बोलणं ऐकताना मला बोहाडा आठवला, मुखवटे घालून सोंगं नाचवण्याचा उत्सव. तिथे सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. गोष्ट ठाऊक, क्रम ठाऊक, शेवट ठाऊक, मुखवट्यामागचा माणूससुद्धा ठाऊक. तरीही माणसं वर्षभर वाट पाहतात. हे कसं होतं, ते मला तयारीच्या दिवसांत बघायचं होतं.

शिमग्यापासून पाऊस येईपर्यंत जव्हार-मोखाड्याच्या आणि पलीकडे नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत बोहाडे होतात. कुठे तीन रात्री, कुठे त्याहून जास्त. टेंभ्यांचा उजेड, संबळ आणि सनई, दोन्ही बाजूंना दाटलेली माणसं आणि मधल्या वाटेवरून नाचत येणारी सोंगं. आधी गणपती, सरस्वती, मग मारुती, खंडेराव, भैरव, वेताळ, रावण, नरसिंह आणि शेवटी जगदंबा, महिषासुराला मारणारी. बोलणं जवळजवळ नाहीच. बरीच सोंगं ठरलेल्या घराण्यांकडे असतात. बापानं नाचवलेलं सोंग मुलगा नाचवतो.

त्या कुडाच्या घरातले, मुखवटे करणारे बाबा सत्तरीच्या पुढचे. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत, डोक्यावर धोंडा ठेवावा तसे जड. आता कागदाचे, जव्हारजवळच्या रामखिंडीतले मुखवटे त्यासाठी नावाजलेले आहेत. कागद भिजवायचा, कुटायचा, खळीत मळायचा, थर द्यायचा, वाळवायचा, परत थर द्यायचा, वाळला की पांढरा हात मारून रंगवायचा, एवढं हे काम. बाबा मात्र शिंगाच्या बुडाशीच अडकले होते. गेल्या वर्षी तिथेच तडा गेला होता. अंगठ्यानं लगदा दाबायचे, पाणी लावायचे, उजेडात धरायचे, पुन्हा खरवडून काढायचे.

"किती वेळ नाचतं हे?" मी विचारलं.

"पाव तास," ते म्हणाले. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाव तास."

दारात तीन पोरं उभी होती. त्यांना हाकललं नाही, पण आतही घेतलं नाही. मुखवटा सुपावर पालथा ठेवलेला, वर ओलं फडकं. फडक्याबाहेर एकच शिंग. पोरांनी तेवढं पाहिलं आणि पळाली. संध्याकाळपर्यंत शिंग यंदा मोठं केलंय ही बातमी नळावर पोचली होती. तिथे एक म्हातारी दुसरीला सांगत होती, तिच्या लहानपणीचं शिंग याहून मोठं होतं. मग त्यावर भांडण. बाबांनी शिंग बोटभरही वाढवलेलं नव्हतं. त्यांनी फक्त ते झाकून ठेवलं होतं.

इथून मोखाड्यावरून घाट चढत गेलेला रस्ता त्र्यंबकेश्वरला पोचतो. ३० एप्रिल १८७० रोजी दादासाहेब फाळके तिथे जन्मले. बायकोचे दागिने, विम्याची पॉलिसी पणाला लावून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला; त्या घरच्या मानानं त्याहून मोठा खर्च कुठला असणार? २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरात निवडक लोकांना खेळ दाखवला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. गोष्ट जुनी, घराघरांतली. नवा होता तो प्रकार. नाटकाला जाणारा माणूस दोन आण्यांत सहा तास बसायचा; हा खेळ दीड तासात संपे आणि तिकीट तीन आणे. सुरतेत पहिल्या खेळाला अवघ्या तीन रुपयांचा गल्ला जमला, असं सांगतात. थिएटरवाल्यानं खेळ लांबवा किंवा दर उतरवा म्हटलं. फाळक्यांनी दोन्ही नाकारलं आणि जाहिरात केली: ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत.

हा ५७,००० चा आकडा माझा पिच्छा सोडत नाही. म्हणून हिशेब केला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा, म्हणजे ५९ हजारांच्या आसपास चित्रं. दोन मैल फुगवलेले आहेत, ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. पण ५७,००० जवळजवळ खरे. हरिश्चंद्राचं पुढे काय होतं, याचं कुतूहल चाळवण्याची फाळक्यांना गरज नव्हती, ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यांनी लोकांसमोर काम मोजून ठेवलं. एकेक चित्र, सत्तावन्न हजार वेळा. ज्या माणसाला सहा तासांच्या नाटकातली मेहनत कळत होती, त्याला ही मेहनत कळेल असा त्यांचा विश्वास होता, आणि तो खरा ठरला. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. तिथेही लोकांपुढे आधी गेला तो हात, ज्यानं पडद्यावरचं जग उभं केलं होतं.

मला त्या प्रसिद्धीवाल्या मुलीला हे सांगावंसं वाटतं. ती चुकीचं बोलली नाही. नवी गोष्ट अनाथ असते, तिच्यासाठी कुणी जागं राहत नाही. पण 'तुंबाड'चं काय झालं? गोष्ट बहुतेकांना अनोळखी, करायला कित्येक वर्षं लागलेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये आला आणि बेताचाच चालला. मग पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना सांगत राहायचं काम केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच चित्रपट पुन्हा लागला तेव्हा त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवला. सहा वर्षांत त्याला गाव मिळालं होतं. ट्रेलरमध्ये आणखी दोन दृश्यं घालून ते मिळालं नसतं. मी तर म्हणेन, दाखवण्याचा हा जो सपाटा चालला आहे, त्यानं वाट पाहण्याची जागाच बुजून जाते. फडक्याबाहेर सगळंच काढून ठेवलं तर नळावर भांडायचं कशावरून?

बाबांच्या घरात भिंतीला आणखी मुखवटे टेकवलेले होते. लहान, सुबक, चकचकीत रंगाचे. पाहुण्यांसाठी, दिवाणखान्यात टांगायला. पोट त्यावर चालतं, सोंगाच्या मुखवट्यावर नाही. एक हातात घेतला आणि लक्षात आलं, डोळ्यांना भोकं नाहीत, नुसते रंगवलेले आहेत.

"आतून कोण बघणार आहे?" बाबा म्हणाले. "हे लवकर होतात. घ्या एखादा."

महिषासुराच्या डोळ्यांची भोकं मात्र त्यांनी तीनदा मोजली. नाचणाऱ्याचं तोंड लांबट आहे, बापासारखं नाही. बापाच्या मापाचा मुखवटा घातला की त्याला संबळवाला दिसत नाही. गेल्या वर्षी तो अंदाजानं नाचला आणि टेंभेवाल्यावर जाऊन आदळला, तेव्हाच शिंग मोडलं. हा सगळा तपशील पाड्यावरच्या प्रत्येकाला पाठ आहे. यंदा तो सरळ नाचतो का, हे बघायचं आहे त्यांना. देवी त्याला मारणार, यात कुणाला शंका नाही.

आणि तो नाचणारा इथे नाहीच. दिवाळी झाली की इथली घरंच्या घरं कुलूप लावून वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, वसई, वाडा. पाड्यावर म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. घेतलेली उचल फिटेपर्यंत भट्टीवरून सुटका नसते. शिमग्याला तेवढं यायला मिळतं. बोहाड्याचा प्रेक्षक असा शंभर ठिकाणी विखुरलेला, दिवसभर चिखल तुडवणारा आणि रात्री फोनवर गावाकडचं विचारणारा आहे. त्याच्यासाठी पत्रिका छापून उपयोग नाही. तारीख तोंडीच जाते, एका भट्टीवरून दुसऱ्या भट्टीवर.

मी होते तेव्हा दोनदा फोन आला. पहिल्यांदा बाबांच्या मामाच्या मुलाचा, विचारणा एवढीच की शिंग खरंच मोठं केलंय का. नळावरची बातमी तोवर वसईला गेली होती. बाबा हसले, हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दुसरा फोन भिवंडीहून, ज्याला महिषासुर नाचवायचा त्याचा. त्याचं लग्न होऊन वर्षही झालेलं नाही, बायको पहिल्यांदाच त्याला सोंगात बघणार आहे. तिनं माहेरी सांगून ठेवलंय, तिथूनही माणसं येणार आहेत. बाबांनी त्याला कपाळापासून हनुवटीपर्यंत दोरीनं माप घ्यायला लावलं, गाठ मारून दोरी येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायला सांगितली.

मग त्यानं तारीख विचारली. मुकादम हिशेब झाल्याशिवाय सोडत नाही आणि हिशेब ठरल्या दिवशी कधीच होत नाही, हे बाबांना चांगलं माहीत होतं. भट्टीवर त्यांनीही दिवस काढलेत. त्यांनी त्याला बोहाड्याची तारीख सांगितली ती खऱ्या तारखेच्या दोन दिवस आधीची.